आत किती, बाहेर किती

पँटचे मागचे दोन्ही खिसे एकमेकांना टेकले होते. मास्तरांनी ते आरशात पाहिलं. दुकानाच्या कोपऱ्यात पडदा लावून कपडे घालून बघायची जागा केलेली होती. तिथे तीन बाजूंना आरसे, गिऱ्हाइकाला आपली पाठ दिसावी म्हणून मास्तरांनीच बसवून घेतलेले. लोकांच्या पाठी बघण्यात त्यांचा जन्म गेला होता, स्वतःची बघायला सवड कुणाला? आज सकाळी गिऱ्हाईक नव्हतं, पँट तर सारखी खाली घसरत होती. म्हणून पडद्याआड जाऊन ती काढली, लुंगी गुंडाळली, कंबर थोडी आत घेतली आणि परत चढवून सहज वळून बघितलं, तर हे असं. कंबर आत घ्यायची म्हणजे मागची मधली शिवण उसवायची, दोन्हीकडचं कापड सारखं ओढायचं आणि नवी टीप मारायची. एकदा घ्या, कुणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्यांदा घ्या, शिंप्यालाच तेवढं कळतं. पण त्याच्याही पुढे गेलात की खिसे सरकत सरकत मध्ये येतात, आणि मग रस्त्यावरच्या माणसालाही कळतं की ही पँट या माणसाची नव्हे, आधी इथे दुसराच कुणी होता त्याची आहे. अशी पँट मास्तरांनी आयुष्यात एकदाच शिवली होती. ती कुणाची, हे आठवायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि इस्त्री तापत ठेवली.

त्यांना सगळे मास्तर म्हणायचे ते शिंपी म्हणून. शिकवणं होतं ते बायकोकडे. ती शाळेत गणित शिकवायची, आणि शाळेत काय, गल्लीत काय, सगळ्यांनी तिचं नाव बाई पाडलं होतं. मास्तर आणि बाई, आणि दोघांत शिकलेलं एकच, असं मास्तर स्वतःच सांगून हसायचे. हेच मास्तर वर्षभरापूर्वी दुकानाच्या दारात उभे राहिले की आतला उजेड कमी व्हायचा. गुडघे जिना बघूनच कुरकुरायचे. घरच्या डॉक्टरांनी रक्तदाबाचं यंत्र दंडावरून काढलं आणि सांगितलं, ‘मास्तर, वजन उतरवा, नाहीतर पुढच्या वेळी मला तोंड दाखवू नका.’ मास्तर हसले. बाई हसल्या नाहीत. बाईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस गेल्याशिवाय घरात कुणाची सुटका नसायची. ‘अहो, यात कठीण काय आहे? आत किती जातं आणि बाहेर किती जातं, एवढंच बघायचं. खाल्लं ते आत, खर्चलं ते बाहेर. जास्त उरलं तर अंगावर चढतं, कमी पडलं तर अंगातून जातं. तिसरं काही असूच शकत नाही.’ वर्गात फळ्यावर गणित सुटलं की शेवटची रेघ मारून बाई हेच म्हणत, तिसरं काही असूच शकत नाही. मग स्वयंपाकघरात लहानसा काटा आला. पावाचा तुकडा त्या काट्यावर चढूनच मास्तरांच्या ताटात उतरायला लागला. लोण्याचा डबा माळ्यावर गेला. भाताची वाटी बदलली, आणि नवी वाटी इतकी लहान होती की मास्तरांनी ‘ही बाहुलीची आहे का?’ म्हणून विचारलं. कुठल्या घासात किती कॅलरी, हे बाईंना पाढ्यासारखं पाठ झालं. आणि मास्तरांच्या मनगटावर एक रबरी पट्टा आला. माणूस किती चालला ते तो मोजायचा आणि परस्पर बाईंच्या फोनवर कळवायचा. नवऱ्याला एकट्याला अर्धपोटी ठेवणं बरं दिसत नाही म्हणून बाईसुद्धा तेच आणि तेवढंच जेवू लागल्या.

भूक म्हणजे काय ते मास्तरांना तोवर माहीतच नव्हतं. बसून करायचं काम, हाताशी डबा, आणि लहानपणापासून भरल्या पोटाची सवय. आता दुपारी मशिनवर बसलं की सुईच्या जागी पाव दिसायचा. दुपारी दुकान बंद करून तासभर चालून येतो, असं त्यांनी बाईंना कबूल केलं होतं आणि पहिले काही दिवस ते इमानदारीने गेलेही. मग गुडघ्यांनी संप केला. नेमका त्या दिवशी टपालवाला पाणी प्यायला दुकानात आला. हा त्यांचा जुना दोस्त, जिभेला हाड नसलेला, या भागातला प्रत्येक जिना ज्याच्या पायांना पाठ होता असा. मास्तरांचं रडगाणं ऐकून तो म्हणाला, ‘तुम्हाला चालायचंय आणि पाय नाहीत. मला पाय आहेत आणि मोजणारं कुणी नाही. आणा तो पट्टा इकडे.’ चेष्टाच होती. पट्टा त्याच्या मनगटावर बसला, तो आपल्या फेरीला गेला, आणि मास्तरांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून पलीकडच्या बेकरीतून क्रीमचे पाव आणले. किती दिवसांनी जीव थंड झाला. रात्री जेवताना बाई फोन बघून म्हणाल्या, ‘आज छान चाललात हो!’ आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की खरं सांगायचं मास्तरांच्या जिवावर आलं. एकदा जिवावर आलं ते आलंच. दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी पट्टा टपालाबरोबर दारोदार फिरू लागला आणि मास्तर शटरमागे बसून खाऊ लागले. टपालवाला परत आला की त्याचा वाटा त्याला मिळायचा. ‘आज तुमच्यासाठी म्हणून गच्चीपर्यंत गेलो,’ असं तो तोंडात पाव धरून सांगायचा, आणि दोघेही शाळा बुडवलेल्या पोरांसारखे हसायचे.

पहिले दोन-तीन महिने काटा ढिम्म हलला नाही. हलणार कसा? बाई मात्र चक्रावल्या होत्या. आपली बेरीज कुठे चुकतेय म्हणून त्या पावाचा तुकडा आणखी बारीक करत गेल्या. आणि मग, मास्तरांनी काही म्हणजे काही न करता, वजन उतरायला लागलं. आधी हळूहळू, मग भराभर. मास्तरांना प्रथम वाटलं, देव पावला. फुकटात मिळतंय ते घ्यावं. गाल उतरले, मान दिसायला लागली, गुडघे बोलायचे थांबले. गिऱ्हाइकं म्हणाली, ‘मास्तर, दहा वर्षांनी तरुण झालात.’ बाईंनी तर शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत डंका पिटला. माझ्या घरातच पुरावा आहे, या बघायला. शाळेतल्या दोघीतिघी शिक्षिका बाईंकडून पावाची मापं लिहून घेऊन गेल्या आणि त्यांचे नवरेही बाहुलीच्या वाटीत जेवू लागले. आणि बाईंचं स्वतःचं वजन? ते तसूभर हललं नव्हतं. एका सकाळी मास्तर तोंड धुऊन आले तर न्हाणीघराच्या दाराशी बाई काट्यावर उभ्या. खाली उतरल्या, मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं, परत चढल्या. परत उतरल्या, चष्मा काढून ठेवला, परत चढल्या, आणि मग चष्मा नसल्यामुळे आकडाच दिसेना म्हणून वाकून वाकून बघू लागल्या. मास्तर आल्या पावली मागे फिरले. त्या दिवशी त्यांना पाव गोड लागला नाही, तरी खाल्ला त्यांनी.

आणि आज हे खिसे. इस्त्री तापून वास यायला लागला तरी मास्तर तिच्यासमोर नुसतेच उभे होते. आठवायचं नाही म्हटलं की तेच आठवतं, मनाची खोडच ती. बाबा याच दुकानात, याच मशिनवर बसायचे. मास्तर तेव्हा नुकते हाताखाली काम शिकत होते. एके दिवशी बाबांनी स्वतःची पँट पुढे टाकली. ‘कंबर आत घे जरा, सैल होतेय.’ मास्तरांनी घेतली. शिवण इतकी सरळ आली की बाबांनी ती बोटाने चाचपून बघितली आणि म्हणाले, ‘हात बसला तुझा आता.’ बाबा कुणाला सहसा चांगलं म्हणायचे नाहीत. मास्तर दिवसभर हवेत होते. काही आठवड्यांनी तीच पँट पुन्हा आली. मग पुन्हा. दर वेळी मास्तर आधीपेक्षा सफाईने टीप मारायचे आणि दर वेळी कौतुकाची वाट बघायचे. घरात आई म्हणायची, उन्हाने उतरलेत, कामाने उतरलेत, म्हातारपणी माणूस हलकाच बरा. शेवटच्या वेळी बाबांनी पँट चढवली, आरशात बघितलं नाही, नुसता हात मागे नेला आणि बोटांनी खिशांमधलं अंतर शोधलं. अंतर राहिलंच नव्हतं. शिंप्याची बोटं ती. एक क्षण त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला, हात सुटून गर्दीत हरवलेलं मूल दिसतं तसा. मग ते म्हणाले, ‘ही आता राहू दे. नवीच शिव एक.’ मास्तरांनी नवं कापड घेतलं, माप घेतलं, आणि माप घेताना त्यांना वाटलं होतं, चला, बाबा आता नव्या पँटमध्ये छान दिसतील. इतके ते आनंदात होते. ती पँट शिवून झाली तेव्हा ती घालायला माणूस नव्हता. आपण इतके दिवस काय शिवत होतो, हे मास्तरांना तेव्हा कळलं, आणि नंतर त्यांनी ते कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. बाईंजवळसुद्धा नाही.

भीती एकदा घरात शिरली की ती पाहुण्यासारखी बाहेरच्या खोलीत बसत नाही, थेट स्वयंपाकघरात येते. मास्तरांना आता खाताना भीती वाटू लागली, न खाताना वाटू लागली, आणि सगळ्यात जास्त हिशेब करताना. आत जातंय ते जास्त. बाहेर जातंय ते काहीच नाही, कारण बाहेर टाकणारे पाय टपालवाल्याचे. मग अंगावरचं जातंय कुठे? बाईंच्या गणितात तिसरं काही नव्हतं. मास्तरांना मात्र मशिन चालवताना, काज करताना, जांभई देताना ते तिसरं आपल्या आत कुठेतरी बसून शांतपणे जेवतंय असं वाटायचं. मी खातो ते त्याच्या ताटात जातं. आधी माझं खाऊन झालं की मग ते मला खातं. त्याच आठवड्यात टपालवाला आपली गणवेशाची पँट घेऊन आला. ‘मास्तर, ही जरा बाहेर सोडा. तुमच्या पावांनी पोट सुटलं माझं.’ मास्तरांनी शिवण उसवली आणि आतलं दाबून ठेवलेलं कापड बाहेर काढताना त्यांच्या अंगावर काटा आला. चालतो हा आणि सुटतो हा. बसतो मी आणि वाळतो मी. हा रोज माझा पट्टा घालून जिने चढतो, आणि कुणास ठाऊक, काहीतरी उलटसुलट झालं असेल, त्याच्या पायांनी माझंच अंग झिजत असेल. असा विचार करणारा माणूस वेडा, हे मास्तरांना कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टा दिला नाही. गुडघा बरा आहे आता, मीच चालतो, असं सांगितलं. टपालवाला खांदे उडवून गेला, जाताना आपला पाव मात्र विसरला नाही.

मग मास्तरांनी बाईंचंच गणित बाईंवर फिरवायचं ठरवलं. एकाच वेळी आत भरपूर आणि बाहेर शून्य. वजन वाढलं तर काळजी मिटली. पट्टा मशिनच्या पायपट्टीला बांधला, पायपट्टी हलली की तोही चाललो म्हणून आकडे टाकायचा. आणि मास्तर खात बसले. क्रीमचे पाव, वर लोणी, वर साखर घातलेलं दूध, कागदात बांधून आणलेला चीजचा चौकोन, चॉकलेटं. औषध घ्यावं तसे ते खात होते, चवीचं नावही नव्हतं. गिऱ्हाईक आलं की तोंड पुसून पडदा बाजूला करायचे. एक जाडजूड गृहस्थ कोटाचं माप द्यायला उभे असताना म्हणाले, ‘मास्तर, आम्हालाही सांगा की तुमचं गुपित.’ मास्तर त्यांच्या पोटाभोवती टेप धरून म्हणाले, ‘गुपित कसलं, मोजून खायचं,’ आणि टेपचं टोक बोटांत टिकेना. हल्ली हात असा कापायचा. सुईत दोरा जाईना. घाम यायचा, आणि तहान तर इतकी की टपालवाल्यासाठी भरून ठेवलेला तांब्या त्याच्या आधी मास्तरच संपवायचे. त्या आठवड्याच्या शेवटी ते न्हाणीघरात दार लावून काट्यावर उभे राहिले. डोळे मिटून उभे राहिले, मग एक डोळा उघडला. वजन आणखी उतरलं होतं. बाहेरून बाईंनी विचारलं, ‘किती?’ मास्तरांनी सांगितलं. बाहेर बाईंनी टाळी वाजवली.

सांगून टाकावं, हे काय त्यांना सुचत नव्हतं? रोज सुचत होतं. टपालवाल्याजवळ त्यांनी एका दुपारी मन मोकळं केलं. तो पाव खाता खाता थांबला. ‘मास्तर, तुम्ही खरंच चालत नाही म्हणता?’

‘नाही.’

‘आणि खाता?’

‘बकासुरासारखा.’

‘मग डॉक्टरला सांगा की. त्यात काय लाजायचं? चोरी पावाची आहे, बँकेवर दरोडा नाही घातलात.’ असं म्हणून त्याने उरलेला पाव खाली ठेवला, आणि टपालवाल्याने पाव अर्धा सोडलेला मास्तरांनी पहिल्यांदाच पाहिला. त्या रात्री जेवताना मास्तरांनी तोंड उघडलं. ‘अगं, एक सांगायचं होतं.’ बाई म्हणाल्या, ‘आधी माझं ऐका. शाळेत पालकांची सभा आहे, मुख्याध्यापक म्हणाले, तुमच्या यजमानांना आणा, त्यांनी दोन शब्द बोलावेत. मी हो म्हणून आले.’ आणि एवढं बोलून बाईंनी मान खाली घातली. ‘माझं काही उतरत नाही हो. वर्षभर उपाशी राहून बघितलं. पण तुमच्याकडे बघितलं की वाटतं, निदान माझं गणित तरी बरोबर आहे.’ आता सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? की गणित चूक नाही, मी चूक आहे? की तू उपाशी राहिलीस आणि मी तुझ्या पाठीमागे गिळत होतो? की शाळेतल्या त्या नवऱ्यांना त्यांच्या वाट्या परत कर? आणि हे सगळं सांगून झाल्यावर मग ते, जे खरं सांगायचं आहे ते, की मला फार भीती वाटतेय? ‘काय सांगणार होतात?’ बाईंनी विचारलं. ‘काही नाही. पाव छान झालाय,’ मास्तर म्हणाले. पाव बेकरीतला होता.

डॉक्टरांकडे जायची वेळ ठरलेलीच होती, वर्षाने दाखवायला या म्हणून. बाईंनी नवा कुडता घातला होता. दवाखान्याची ती खोली मास्तरांना पाठ होती. हिरवट पडदा, भिंतीवर माणसाच्या आतलं सगळं उघडं दाखवणारं चित्र, काचेच्या कपाटात औषधं. त्या चित्राकडे त्यांनी आज बघायचं टाळलं. डॉक्टरांनी वजन घेतलं, रक्तदाब घेतला, जुना कागद काढून आकड्यांशी आकडा लावला आणि खुर्चीत मागे रेलले. ‘वा! मास्तर, पेशंट असावेत तर असे. मी रोज शंभर जणांना सांगतो, ऐकतो एखादाच. काय केलंत?’ मास्तरांनी उत्तर द्यायच्या आत बाईंनी दिलं. मोजून खातात, रोज दुपारी तासभर चालतात, गोड नाही, लोणी नाही. बाई सांगत होत्या आणि डॉक्टर माना डोलवत कागदावर लिहीत होते, आणि मास्तरांच्या डोळ्यांसमोर लख्ख झालं की हे असंच होणार. हे कागद असेच भरत जाणार. प्रत्येक वेळी वा म्हणणार, टाळी वाजणार, आणि मी घरी जाऊन कंबर आत घेणार. कुणी काही विचारणार नाही, कारण सगळ्या प्रश्नांचं उत्तर मीच देऊन ठेवलंय. बाबांना निदान कुणी शाबासकी तरी दिली नव्हती. ‘असंच चालू ठेवा,’ डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी घंटीकडे हात नेला.

‘डॉक्टर, हे मी नाही केलेलं,’ मास्तर म्हणाले.

‘म्हणजे? बाईंनी केलं? ते तर आहेच,’ डॉक्टर हसले. बाईही लाजून हसल्या.

‘मी चालत नाही. टपालवाला चालतो.’

यावर दोघेही आणखी मोठ्याने हसले. मास्तर विनोदी म्हणून प्रसिद्धच होते. मग मास्तरांनी, कोटाच्या अस्तरावरून हात फिरवावा तसा टेबलाच्या कडेवरून हात फिरवत, सगळं सांगितलं. पट्टा कुणाच्या मनगटावर असतो ते. शटरमागे काय चालतं ते. पाव, लोणी, दूध, चॉकलेटं, आणि परवापरवा मुद्दाम वजन वाढावं म्हणून किती खाल्लं ते. बाईंकडे न बघता त्यांनी सांगितलं. बोलताना त्यांना वाटत होतं, आता ही खुर्ची सरकवून उठेल, चारचौघांत बोलेल, घरी गेल्यावर आठवडाभर बोलणारच नाही. बोलू दे. तिला रागावण्यासारखं भरपूर मिळावं म्हणून त्यांनी एकही पाव लपवला नाही. त्यांचं बोलून संपलं तेव्हा डॉक्टरांचा हात घंटीवरून परत आला होता. ते आता हसत नव्हते. उठून टेबलाला वळसा घालून आले, मास्तरांची मान दोन्ही बाजूंनी चाचपली, पडद्याआड नेऊन आडवं करून पोट दाबलं, एका जागी थांबले, परत दाबलं. ‘तहान? घाम? हात पुढे करा. कधीपासून कापतो?’ मास्तरांना महिना नीट सांगता येईना. तेव्हा पडद्याच्या पलीकडून बाईंचा आवाज आला, अगदी बारीक. ‘थंडी संपली तेव्हापासून. मला वाटलं, उपासाने होतंय.’ राग नव्हता त्या आवाजात. मास्तरांनी वर्षभर ज्या रागाची धास्ती घेतली होती तो कुठेच नव्हता, आणि तो नाही हे कळल्यावर ते उठून बसायचंच विसरले. ‘घाबरायचं कारण नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘साधंही असेल काही, गोळीने जाणारं. पण रक्त तपासू, पोटाचा फोटो काढू. उद्याच. लांबवायचं नाही.’ साधंही असेल, यातला तो ‘ही’ मास्तर घरी पोचेपर्यंत चघळत होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शाळेला रजा टाकली. ताप आला तरी रजा न टाकणाऱ्या त्या. फोनवर त्यांनी पावाची मापं नेलेल्या एका शिक्षिकेला सांगितलं, ‘यांची तब्येत बरी नाही, सभेला नाही येणार ते,’ आणि पलीकडून काहीतरी कौतुकाचं बोलणं झालं असावं, कारण बाई मध्येच म्हणाल्या, ‘नाही, तसं काही नव्हतं ते. तुम्हीही यजमानांना एकदा पोटभर वाढा,’ आणि फोन ठेवला. पट्ट्याचा, पावांचा, टपालवाल्याचा विषय त्यांनी आदल्या दिवसापासून काढला नव्हता. मास्तरांनी बसमध्ये दोनदा काढून बघितला. ‘तू काही बोलत का नाहीस?’ ‘बोलायचंय काय? आपला थांबा आला,’ बाई म्हणाल्या. रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं. दंडाला दोरी बांधणारी मुलगी म्हणाली, ‘काका, शीर चांगली दिसते तुमची, जाड माणसांची सापडत नाही,’ आणि तिला काय माहीत, मास्तरांनी मान फिरवली. मग अंधाऱ्या खोलीत पोटावर गार चिकट काहीतरी लावलं आणि एक माणूस पडद्याकडे बघत बराच वेळ यंत्र फिरवत राहिला. इस्त्री करताना एखादी सुरकुती जात नसली की मास्तर तसंच त्याच त्याच जागी हात नेत. त्यांनी विचारलं, ‘काही दिसतंय का?’ तो म्हणाला, ‘डॉक्टर सांगतील.’ मास्तर हे वाक्य गिऱ्हाइकाला वेगळ्या शब्दांत नेहमी सांगत, कापड बिघडलं असलं की.

खाली तळमजल्यावर कँटीन होतं. पांढरी टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, हातात फाइल घेतलेली माणसं, कुणी कुणाशी मोठ्याने बोलत नव्हतं. बाईंनी मास्तरांना खिडकीशी बसवलं आणि स्वतः गेल्या. परत आल्या तेव्हा ट्रे दोन्ही हातांनी धरावा लागेल इतका भरलेला होता. पावाचे जाड काप, लोणी, अंडी, केकचा तुकडा, वर साय आलेलं मोठा पेलाभर दूध. मास्तरांनी सवयीने बाईंच्या ओठांकडे पाहिलं. ताट समोर आलं की बाईंचे ओठ हलत, आवाज न करता बेरीज चालायची, आणि ती संपल्याशिवाय घास उचलायची सोय नव्हती. आज ओठ हलले नाहीत. मास्तर थोडा वेळ थांबले. कदाचित विसरली असेल.

‘किती होईल गं हे सगळं मिळून?’ त्यांनी विचारलं.

‘खा तुम्ही.’

‘अगं पण लोणी आहे. केक आहे. तू सांग ना किती ते.’

‘खा म्हटलं ना,’ बाई म्हणाल्या, आणि आपल्या बशीतला पावाचा काप, स्वतःही सकाळपासून उपाशीच होत्या त्या, उचलून त्यांच्या ताटात ठेवला. मास्तरांनी घास घेतला. वर्षभर याच बाईची पाठ वळली की ते दोन्ही हातांनी खात होते. आता तीच समोर बसून वाढत होती आणि तोंडातला घास काही केल्या खाली उतरेना. तिने ताट ओढून घ्यावं, बस झालं म्हणावं, आकडे सांगून रागवावं, असं त्यांना आतून आतून वाटत होतं. पण बाई खिडकीबाहेर बघत होत्या, आणि न बघताच त्यांचा हात लोण्याची वाटी मास्तरांकडे सरकवत होता.